एम.एस्सी., पीएच.डी.च्या धावपळीत स्वतःचं काय जपलंत? (अनुभव धागा)

कृष्णाकाठची, सांगली
काल लेक म्हणाली, "आई, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागला. आता गाण्याचा क्लास बंद करते." तव्यावरची पोळी करपली तरी मला कळलं नाही.
१९९८ साली मीही हेच केलं. रोज सांगली-कोल्हापूर एसटी, प्रॅक्टिकल उरकून घरी यायला रात्रीचे आठ. मिरजेच्या गाण्याच्या बाईंना सांगितलं, दोनच वर्षं, मग परत येते. पहिला वर्ग मिळाला, नोकरी लागली, तंबोरा गवसणीतच राहिला. उरुसाला मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे एकदा बाई भेटल्या. काही बोलल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या. अजून आठवलं की घशाशी येतं.
तुमचं कसं झालं? मोकळेपणानं लिहा.

माहुलीकर
साताऱ्यात एम.ए. इतिहास, कमवा आणि शिका योजनेतून. सकाळी दोन तास कॉलेजची बाग, मग तास. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांच्या या योजनेला लोक गरिबांची सोय म्हणतात, मला ते पटत नाही. आंब्याचं कलम बांधायला मी तिथे शिकलो. माझ्याहून हुशार पोरांबरोबर खुरपं धरलं, त्यांच्याकडून इंग्रजी शिकलो. माझ्यासाठी तोही पेपरच होता, फक्त मार्कशीटवर आला नाही. बाकी नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

रात्रपाळी
बाळ झोपलंय तोवर लिहिते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी दिवस गेले. विद्यापीठाच्या ऑफिसात मला म्हणाले, नाव काढून घ्या. घरी येऊन खूप रडले. मग नवऱ्यानं यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.चे नियम छापून आणले: २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आणि बायकांना मुदतीत २ वर्षं जादा. कागद टेबलावर ठेवल्यावर सूर बदलला. मुलींनो, हे पाठ करून ठेवा, कुणी आपणहून सांगत नाही.

कृष्णाकाठची
@रात्रपाळी शाब्बास गं बाई. बाळ कसं आहे?

रात्रपाळी
दात येताहेत ताई, त्यामुळे रात्रभर जागरण.

विश्रामबाग
माझं थोडं वेगळं. २०१९च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमचं तळघर बुडालं. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी जमवलेल्या तीन वर्षांच्या हळदीच्या नोंदी तिथे वह्यांत होत्या. गच्चीवर दोरीला चिमटे लावून पानं वाळवली, निम्मी शाई गेली. त्या महिन्यात गल्लीतल्या घरांतला गाळ उपसला, प्रबंधाचं नावही काढलं नाही. शेजारची माणसं तेव्हा पहिल्यांदा नीट ओळखीची झाली. प्रबंध एक वर्ष उशिरा झाला. त्या वर्षाचं मला वाईट वाटत नाही.

माहुलीकर
@विश्रामबाग नोंदी परत कशा जमवल्यात?

विश्रामबाग
शेतकऱ्यांच्या घरी पुन्हा गेलो. बऱ्याच जणांकडे सौद्याच्या पट्ट्या (हळद विकल्याच्या पावत्या) होत्या. प्रत्येक घरी चहा आणि भडंग :)

पुणेस्थित
भडंगाचं नाव काढलंत! सांगलीहून कुणी येत असेल तर दोन किलो आणा हो.

चारभिंती
नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) दोनदा हुकली. तीन तासांत १५० प्रश्न आणि जेआरएफची (संशोधन शिष्यवृत्तीची) वयाची अट, दोन्ही डोक्यात घण घालायचे. तिसऱ्या वेळी रोज पहाटे अजिंक्यतारा चढायला लागलो. घरचे म्हणाले, तेवढ्या वेळात दोन युनिट होतील. पण वर जाऊन आलं की दुपारी पुस्तकावर डोकं टेकत नव्हतं. नेट निघाली. किल्ला अजून चालू आहे, आता वडीलही येतात. ताई, लेकीला क्लास सोडू देऊ नका, आठवड्यातून एकदा का होईना.

कृष्णाकाठची
सगळं वाचून दाखवलं तिला. शनिवारचा क्लास ठेवायचं ठरलं. आत्ता माळ्यावरून माझा तंबोरा काढलाय, तारा गंजल्यात. कुठे दाखवू?

माहुलीकर
मिरजेला सतारमेकर गल्लीत न्या. तारांबरोबर जवारीही काढून घ्या, म्हणजे घोडी घासून सूर खुलवून घ्या.