आता रोज व्यायाम करतो तरी जिन्यात धाप लागते, आधी काहीच करत नव्हतो तेव्हा लागत नव्हती. असं का?

चौदा_पावलं
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

महामारीच्या आधी मी व्यायाम म्हणून कधी हातपाय हलवले नव्हते. वय तेव्हा ४६, नोकरी खुर्चीतली. तरी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, बायकोशी गप्पा मारत चौथा मजला चढायचो. मार्च २०२० मध्ये ऑफिस घरात आलं आणि दीड महिन्यात पँटचं बटण लागेना. घाबरलो आणि घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू केल्या. ओट्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत बरोबर चौदा पावलं (आयडी तिथूनच घेतलाय). मोजताना आकडा चुकायचा म्हणून दोन वाट्या आणि शर्टांची जुनी बटणं घेतली. एक फेरी झाली की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. अशी पन्नास. तीन आठवड्यांनी डावा गुडघा कुरकुरायला लागला. कारण काही सापडेना. शेवटी बायको म्हणाली, "दोन्ही टोकांना तू डावीकडेच वळतोस, मी केव्हाची बघतेय." एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे असं सुरू केलं आणि गुडघा गप्प बसला.

पुढे येरझाऱ्या सुटल्या, पण सवय राहिली. आज आठवड्यातले सहा दिवस सकाळी ३५ मिनिटं चटईवर व्हिडिओ लावून व्यायाम करतो. ताण देणं, पोटाचे प्रकार, शेवटी शवासन. ऑफिसला दोनच दिवस जावं लागतं. आणि तरीही तिसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभं राहावं लागतं. रक्त, हृदय, फुप्फुसं सगळं तपासून झालंय, अहवाल उत्तम आहेत. डॉक्टर म्हणाले, "वय." पाच वर्षांत एवढं वय होतं का हो?

पायमोजणी
तपासण्या करून घेतल्यात हे चांगलं केलंत, नाहीतर मी आधी तेच सांगितलं असतं. आता एक करा. २०१९ मधला एखादा साधा कामाचा दिवस आठवा आणि पायांनी काय काय केलं ते लिहा. फक्त पायांनी.

चौदा_पावलं
घर ते बसथांबा नऊ-दहा मिनिटं. मग पादचारी पूल, त्याच्या ४२ पायऱ्या (पाठ आहेत, रोज मोजायचो). पलीकडे उतरून ऑफिसपर्यंत आणखी दहा मिनिटं. दुपारी जेवायला दोन मजले खाली, जेवून परत वर. संध्याकाळी हेच उलट. शिवाय आठवड्यातून दोनतीनदा बस सुटताना दिसायची आणि बॅग छातीशी धरून धावायचो. बास, एवढंच.

पायमोजणी
एवढंच? अहो, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं, पाच दिवस म्हणजे २०० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुधारलेल्या सूचनांमध्ये मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाकीची हालचाल सांगितली आहे. तुमचा कोटा नुसत्या नोकरीच्या वाटेवर भरत होता. आधीच्या सूचनांत अट होती की हालचाल सलग किमान दहा मिनिटं हवी. २०२० मध्ये ती काढून टाकली. म्हणजे तुमच्या ४२ पायऱ्या आणि बसमागची धावही आता हिशोबात धरायची.

ती धाव तर मला सगळ्यात मोलाची वाटते. अर्ध्या मिनिटाची का असेना, छाती भात्यासारखी हलायची. चटईवर तुमचा श्वास कधी इतका फुलतो का? कंबर, पाठ, खांदे यांसाठी चटई उत्तमच, पण जिना म्हणजे स्वतःचं वजन उचलून वर नेणं. ते काम आठवड्यातून पाच दिवस होत होतं, आता दोन दिवस होतं. शरीर वापरलं तेवढंच राखतं. दमसास तर दोन-चार आठवड्यांच्या आरामातही उतरायला लागतो. तुम्ही आळशी झाला नाहीत, तुमची वाट गेली.

आकडेशंका
मुद्दा पटला, पण पावलांच्या आकड्यांबद्दल एक खुसपट काढतो. २०२० मध्ये एक मोठा अभ्यास आला होता. १८७ देशांतल्या साडेचार लाखांहून अधिक फोनधारकांची पावलं मोजली होती. ११ मार्चला महामारी जाहीर झाल्यावर दहा दिवसांत सरासरी पावलं ५.५ टक्क्यांनी घटली, तीस दिवसांत २७.३ टक्क्यांनी. घट खरीच होती, त्याबद्दल वाद नाही. पण घरी असताना फोन कुठे असतो? चार्जरला. धागाकर्त्यांच्या त्या पन्नास फेऱ्या म्हणजे १,४०० पावलं. खिशात फोन नसेल तर त्यातलं एकही पाऊल कुठेच नोंदलं गेलं नसेल. आणि पावलं मोजायला ॲप घेणारा माणूस आधीच थोडा हौशी. तेव्हा स्वतःची तुलना करायची तर फोनशी करू नका, जिन्याशीच करा. जिना खोटं बोलत नाही.

मागचा_ब्रेक
माझं बरोबर उलटं झालं. ३९ व्या वर्षी मी सायकल शिकले, तीही महामारीतच. लहानपणी राहून गेलेली गोष्ट. बाहेर पडायची परवानगी मिळाली तेव्हा रस्ते इतके रिकामे होते की चौकाच्या मधोमध वाकडीतिकडी वळणं घेत होते आणि हॉर्न वाजवायला कोणी नव्हतं. सहा महिन्यांत रोज आठ-नऊ किलोमीटर व्हायला लागले. मग गाड्या परतल्या. एकदा बस इतकी खेटून गेली की हँडलचा आरसा फुटला. त्या दिवसापासून सायकल जिन्याखाली आहे. लोक म्हणतात, चिकाटी नाही. माझी चिकाटी तेवढीच आहे, रस्ता बदललाय.

तेव्हा "सवय लागली, सवय सुटली" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, तुमच्या दारासमोर काय आहे?

खुर्चीची_गोष्ट
मला बाबांचं लिहायचंय. वय ७३. रोज सकाळी बागेत जायचे, पण चालायला थोडंच! दोन फेऱ्या आणि तासभर बाकावर गप्पा. बाग बंद झाली, आम्हीही भीतीपोटी त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. तीन महिन्यांनी लक्षात आलं की खुर्चीतून उठताना ते आधी पुढे झुकतात, टेबलाची कड धरतात आणि दुसऱ्या झोक्यात उठतात. पहिल्यांदा वाटलं, दुखतंय कुठेतरी. दुखत काहीच नव्हतं, मांड्यांतला जोर गेला होता.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्हिडिओ कॉलवर एक चाचणी घेतली. हात छातीवर, फुली करून. तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता? बाबांचे सहा झाले. तेच मग औषध ठरलं, दिवसातून तीनदा उठबस, पाठीमागे भिंत आणि शेजारी मी. बाराला पोचायला चार महिने लागले. गेलं तीन महिन्यांत, आलं चार महिन्यांत, तेही रोज करून.

गप्पा मात्र परत आल्या नाहीत. बाकावरचे दोघं गेले. बाग उघडल्यावर बाबा आठवडाभर गेले आणि मग नको म्हणाले. आता ते माझ्याबरोबर चालतात, पण मी म्हणजे काही मित्र नव्हे.

पार्सल_आलंय
सगळे घरी बसले तेव्हा मी पार्सलं पोचवत होतो. माझी पावलं कमी नाही, दुप्पट झाली. कितीतरी इमारतींत आम्हाला लिफ्ट बंद होती, संसर्ग होईल म्हणून. पाठीवर ओझं, तोंडावर मास्क, सहावा मजला. वर पोचल्यावर "दारातच ठेवा" आणि दार बंद.

याला व्यायाम म्हणायचा का, ते तुम्ही जाणकार लोक ठरवा. मला संध्याकाळी पोटऱ्यांत गोळे यायचे आणि झोप लागायची नाही. धागाकर्ते, राग नका मानू, पण तुमची चुकलेली पावलं कुठे हवेत गेली नव्हती. त्यातली काही माझ्या पायांनी चाललीत.

चौदा_पावलं
@पार्सल_आलंय, राग कसला. आमच्याही इमारतीत लिफ्टजवळ तसा कागद चिकटवलेला होता. मी रोज बघत होतो आणि काही बोललो नाही.

सहा आठवड्यांनी लिहितोय. @पायमोजणी यांचं ऐकून घरून कामाच्या तीन दिवसांत "खोटं ऑफिस" सुरू केलं. सकाळी ८:५० ला बूट, पाठीवर बॅग (त्यात खरोखर लॅपटॉप, नाहीतर फार हलकी लागते), जुन्या थांब्यापर्यंत, पूल चढून पलीकडे, आणि तसाच परत. संध्याकाळी काम संपलं की पुन्हा. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "आज लवकर सुटलात?" आता विचारत नाहीत. पावसाचे चार दिवस बुडाले, एकदा कंटाळून पुलाच्या पायथ्यावरूनच परत फिरलो. चटई सोडलेली नाही.

तिसऱ्या मजल्यापर्यंत आता बोलत जातो. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अजून गप्प होतो, तेवढ्यात बायको बोलून घेते.

हे लिहिताना बटणांची वाटी शोधून काढली. मोजली तर ४९ भरली. पन्नासावं माझ्याच शर्टाला लागलंय म्हणे, वरून तिसरं.