थंडीत घोडीचे फोटो काढायचेत, पण बाईसाहेब उभ्याच राहत नाहीत (कोल्हापूर)

मळीवरचा_पोरगा
नमस्कार मंडळी, आमच्या मामांची घोडी आहे, कुमैत (तांबूस रंगाची), कपाळावर पांढरा टिळा. प्रयाग चिखलीकडं मळीला (नदीकाठच्या रानात) गोठ्याशेजारीच बांधलेली असते. मामांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं दाणापाणी, खरारा (ब्रशनं अंग घासणं), फिरवणं सगळं सध्या माझ्याकडं. आता सकाळी नदीवरनं धुकं असलं भारी येतंय, त्यात गुऱ्हाळाचा धूर मिसळतोय आणि मधी ही उभी, म्हटलं फोटो काढूया. कॅननची जुनी डीएसएलआर हाय, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. पण फोटोत घोडी म्हणजे नुसता काळा ठोकळा, डोळा कुठं हाय ते पण कळंना, आणि जवळनं काढला की तोंड मगरीगत लांब येतंय. शिवाय कॅमेरा डोळ्याला लावला की मान वर करून मागं सरकते. थंडीचं पण विचारायचंय, झूल घालावी का? शेजारचे म्हणतात रोज गूळ चार, अंगात ऊब ऱ्हाते. आणि रंकाळ्याला नायतर पन्हाळ्याला नेऊन काढले तर? जरा सांगा की.

खरी_कॉर्नर
भावा, बाबूराव पेंटरांच्या आठवणीत कॅमेरा स्तंभ उभारलेल्या गावात राहून फोटो काळे येऊन कसं चालंल 😄 धुकं म्हणजे मागं सगळं पांढरं, कॅमेऱ्याला वाटतं लई उजेड हाय म्हणून तो सगळा फोटोच दाबून टाकतो आणि घोडी काळी पडते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) +१ वर ने, तरी दबत असंल तर +१.३ कर. पण हेच सेटिंग ठेवून गोठ्यात जाऊ नको, तिथं अंधार आणि गडद घोडी फ्रेमभर, म्हणजे उलटं होतंय, तिचा तांबूस रंग राखाडी फिका येतो, तिथं -०.७ वगैरे. तोंड लांब येतंय कारण तू १८-५५ घेऊन नाकाजवळ उभा राहतोस, जे लेन्सच्या जवळ ते मोठं दिसणारच. ५५-२५० लाव, लांब जा, १०० ते २०० मिमीच्या मधी काढ, आणि उभ्यानं नको, जरा वाकून तिच्या छातीच्या उंचीवरनं, नायतर पाय आखूड दिसतात. फोकस पॉइंट एकच ठेव आणि तो डोळ्यावर. चालत असंल तर शटर स्पीड १/५०० सेकंद पुरे, दौडीला १/१००० च्या खाली येऊ नको, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १६०० गेला तरी घाबरायचं नाही, फोटोत दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्या फोटोपेक्षा बरे. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतोय, धुकं फाटायला लागलं की सूर्य घोडीच्या मागं येईल असा उभा रहा आणि पाठीमागं उसाचा फड घे, गडद पार्श्वभूमीवर नाकातली वाफ आणि आयाळीची कडा दोन्ही पकडता येतात. मोकळ्या आभाळावर वाफ दिसतच नाही, लोक उगंच आपल्याकडं थंडी कमी म्हणतात. फ्लॅश अजिबात नको.

तोबरावाले_काका
वरच्यांनी कॅमेऱ्याचं सांगितलं, मी घोडीचं सांगतो. बाळ, घोड्याचे डोळे बाजूला असतात, जवळपास चौफेर दिसतं त्याला, पण कपाळाच्या अगदी समोर नाकाजवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. तू सरळ तोंडासमोर जाऊन काळी वस्तू वर उचलतोस, मग ती मान वर करणार नाही तर काय करणार, बघायचा प्रयत्न करते बिचारी. खांद्याच्या बाजूनं तिरका जा, बोलत जा. आदल्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवूनच खरारा कर, टोपण लावून हुंगू दे, मधी मधी नुसतं शटर वाजव, फोटो नाही काढायचा. दोन-चार दिवसांत तिला त्याचं काही वाटेनासं होतं. कान बघत जा, दोन्ही पुढं असतील तर फोटो घे, एक पुढं एक मागं म्हणजे तुझं ऐकतेय, दोन्ही मागं चपटे लावले की कॅमेरा खाली आणि तू पण बाजूला.
आणि वेळ तिची, तुझी नाही. दाण्याच्या आधी काढायला गेलास तर तिचं लक्ष तोबऱ्यावर (दाण्याच्या पिशवीवर), पाय आपटत राहील. खाऊन झाल्यावर एक मागचा पाय सैल सोडून उभी राहते ना, तेव्हा जवळचे फोटो निवांत मिळतात. माझं विचारशील तर दौडीच्या फोटोपेक्षा खराऱ्याचा काढ. भावाला खरारा करायला लाव, तू उन्हाच्या विरुद्ध बाजूला थांब. पाठीवरनं पहिला हात फिरला की जी धूळ आणि केस उडतात ते तिरप्या उन्हात झगझगतं, आणि ती खालचा ओठ सैल सोडून मान लांब करते ते तोंड दुसऱ्या कुठल्या वेळी मिळत नाही. मळीवर दव असतं तर खुरं रोज साफ करतोस ना? बुळबुळीत काळं काही किंवा घाण वास आला तर लगेच बघून घे. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद यायला पाहिजे, नाल असो नसो.

गोठ्याची_डॉक्टरीण
झुलीबद्दल: कोल्हापूरची रात्र १४-१५ अंशांपर्यंत उतरते, घोड्याच्या दृष्टीनं ही काही थंडी नाही. दिवस लहान होत गेले की त्यांची लव आपोआप दाट होते, निरोगी घोडीला झूल लागत नाही. म्हातारी, रोडावलेली किंवा केस कापलेली असेल तर वेगळी गोष्ट. मात्र पळवून घामाघूम आणली आणि तशीच वाऱ्यात बांधली हे चुकीचं, हळू चालवून, पुसून, कोरडी करूनच बांधायची.
गूळ रोज नको. शाबासकीला सुपारीएवढा खडा ठीक, ऊब हवी तर वाळलेला चारा वाढवा, तो पचताना अंगात गरमी तयार होते. खरी काळजी पाण्याची! थंड पाणी म्हणून थंडीत कमी पितात, वर कोरडा कडबा, मग आतड्यात चारा अडकतो आणि पोटशूळ. मोठी घोडी दिवसाला २५-४० लिटर पिते, बादल्या मोजा, सकाळी कोमट द्या, मिठाचा खडा ठेवा. ऊसतोड चालू आहे तर म्हशीसोबत हिलाही अचानक भारा भरून वाडं (उसाचे हिरवे शेंडे) टाकू नका, चारा बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू. पोटाकडं वळून बघणं, पाय खरडणं, सारखं लोळणं, लीद बंद, यातलं काही दिसलं तर घरगुती काढे पाजत बसू नका, घोड्याला उलटी होत नाही, डॉक्टरांना फोन करा.

संध्यामठ_वॉकर
रंकाळ्याचं डोक्यातनं काढ रे बाबा. संध्याकाळी भेळेच्या गाड्या, पोरं, फुगे, हॉर्न, त्यात नवीन जनावर. पन्हाळा वीसेक किलोमीटर, टेम्पोत चढवा, घाट, वर वारा, मसाई पठार या दिवसांत पिवळं भारी दिसतंय खरं पण तिला काय त्याचं. तुझ्याकडं नदी हाय, धुकं हाय, आणि काय पाहिजे? फक्त रस्त्याकडंनं नेऊ नको, कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या आणि वर फुल आवाजात गाणी, माणूस बिचकतो तिथं.

मळीवरचा_पोरगा
लई आभार सगळ्यांचे. ट्रॅक्टरचं बरोबर हाय, परवा मोरखीसकट (तोंडाला बांधलेल्या दोरीसकट) मलाच वढत नेलं हिनं. डॉक्टर ताई, आमच्याकडं वाडं कालपासनंच चालू केलंय, आज बंद करतो. काका, खालच्या ओठाचं म्हणता ते हिचं पण होतंय, पण खरारा करायला भाऊ भेटंना, दुसऱ्या कुणी हात लावला की ही दात दाखवते. मग कॅमेरा स्टँडवर लावून टायमरनं जमंल काय?

खरी_कॉर्नर
टायमर नको, साधा रिमोट घे, तीनचारशेत येतो. स्टँड तिच्या मागच्या पायापासनं लांब ठेव आणि पट्टा लोंबकळत सोडू नको, चावते.