शब्दचर्चा : 'मिद्राश', 'पेशेर' आणि आपलं 'भाष्य'

प्रश्न : प्राचीन ज्यू लोक आपल्या धर्मग्रंथांचा अर्थ कसा लावत, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'मिद्राश' आणि 'पेशेर' हे दोन शब्द सारखे येतात. दोन्हीकडे मी 'भाष्य' लिहिलं, आणि आता वाचताना दोन्ही प्रकार एकच वाटायला लागलेत. वेगळे शब्द सुचतात का?

प्रतिसाद : वेगळे शब्द हवेतच. 'भाष्य' म्हटलं की सूत्र आणि त्याखाली ओळीने चाललेलं स्पष्टीकरण डोळ्यांपुढे येतं. इथली गोष्ट निराळी आहे.

मिद्राशचा हिब्रू धातू 'दरश', म्हणजे शोधणे, विचारणे. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात रिबकेच्या पोटात जुळी बाळं झगडू लागतात आणि ती परमेश्वराला विचारायला जाते, तिथे हाच धातू आहे. एज्राच्या पुस्तकात (7:10) मात्र एज्रा 'दरश' करतो ते परमेश्वराच्या नियमशास्त्राचं. आधी देवाला विचारत, आता त्याच्या ग्रंथाला विचारू लागले. त्यामुळे क्रिया सांगायची असेल तिथे मी 'धांडोळा घेणे' म्हणेन आणि वाङ्मयप्रकाराचं नाव 'मिद्राश' असंच ठेवेन.

हा धांडोळा कसा चाले, त्याची तालमुदमधली, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथातली, एक कथा मला फार आवडते. वल्हांडण (मिसरातून झालेल्या सुटकेचा सण), त्याचा यज्ञपशू कापण्याचा दिवस नेमका शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी आला. शब्बाथला काम वर्ज्य, मग करायचं काय? बाबेलहून आलेल्या हिल्लेल या गुरूला विचारलं. तो म्हणाला, रोजच्या यज्ञाबद्दल ग्रंथात 'मोअदो', म्हणजे 'त्याच्या नेमल्या वेळी', हा शब्द आहे आणि वल्हांडणाबद्दलही तोच आहे. रोजचा यज्ञ शब्बाथलाही होतो, मग वल्हांडणाचाही व्हावा. एकाच शब्दाच्या धाग्याने दोन ठिकाणं बांधायची या रीतीला 'गझेरा शावा' म्हणतात.

त्याने दुसरी वाटही दाखवली. रोजचा यज्ञ चुकला तर उच्छेदाची, म्हणजे आपल्या लोकांतून तोडलं जाण्याची, शिक्षा नाही, तरी तो शब्बाथला होतो. वल्हांडणाचा चुकवला तर ती शिक्षा आहे, मग तो शब्बाथला व्हायलाच हवा. हे 'कल वाहोमेर', शब्दशः 'हलकं आणि जड'. याला नवा शब्द घडवू नका. संस्कृत शास्त्रांत 'कैमुतिक न्याय' आहे आणि बोलताना आपण 'मग त्याची काय कथा!' म्हणतो, तेच हे.

आणि ही मोकळीक नव्हती, हे लेखात जरूर येऊ द्या. कल वाहोमेर आपल्या बुद्धीने मांडता येई. गझेरा शावा मात्र गुरूकडून आलेला असेल तरच चाले. नाहीतर सारखा शब्द पकडून कोणीही काहीही सिद्ध केलं असतं.

प्रश्न : आणि पेशेर? 'दरश' आणि आपलं 'दर्शन' यांचं काही नातं आहे का, हेही सांगा.

प्रतिसाद : 'दर्शन'शी नातं नाही, तो नुसता ध्वनिसारखेपणा. अरबी 'दर्स', म्हणजे पाठ, आणि त्यावरून आलेला, मराठीत रुळलेला 'मदरसा', हे मात्र याच्या जवळचे.

पेशेरसाठी मराठीत अगदी नेमका शब्द आहे : 'उकल'. अक्कादी या मेसोपोटेमियातल्या प्राचीन भाषेत 'पशारु' म्हणजे सोडवणे, सैल करणे, आणि स्वप्नाचा अर्थ सांगणेही. दानीएलच्या 5व्या अध्यायात भिंतीवर अक्षरं उमटतात, तेव्हा राजा दानीएलला म्हणतो की तुला अर्थ सांगता येतात आणि गाठी सोडवता येतात असं मी ऐकलं आहे. म्हणजे दोरा आणि कोडं ही जोडी तिथेही आहे.

1947मध्ये मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकावरच्या पेशेरची गुंडाळी सापडली. तिची घडण एकसारखी : आधी संदेष्ट्याचं वचन, मग 'पिश्रो', म्हणजे 'त्याची उकल अशी', आणि पुढे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या काळातली माणसं. हबक्कूक बोलतो खास्द्यांबद्दल, म्हणजे बाबेलच्या लोकांबद्दल. उकल सांगते की हे कित्तीम, आणि बहुतेक अभ्यासक त्यांना रोमन समजतात. दुसऱ्या अध्यायाशी तर अंगावर काटा येतो. तिथे म्हटलंय की देवाने हबक्कूकला पुढचं लिहायला लावलं, पण त्या काळाचा शेवट कळवला नाही; संदेष्ट्यांच्या शब्दांमधली रहस्यं उघडली ती 'नीतिमत्त्वाच्या गुरू'ला, म्हणजे लिहिणाऱ्याच्या पंथाच्या गुरूला. लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं ते वाचणाऱ्याला कळलं! 'भाष्य' या शब्दात एवढा दावा मावत नाही.

प्रतिसाद : थोडं कोकणातलं. बेने इस्रायल मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधल्या आख्यानांवर मराठीत कीर्तनं रचली. मिद्राशमधल्या कथाभागाला, म्हणजे 'अग्गादा'ला, शब्द हवा असेल तर 'निरूपण' का नको? मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने स्वतःच हा साचा उचलला होता.

प्रश्नकर्ती : 'उकल' लगेच घेतला, पानभर बदलूनही झाला. 'काय कथा' वाक्यात चपखल बसतंय. 'निरूपण' कथाभागापुरतं घेते. हिल्लेलच्या प्रसंगात 'धांडोळा'च ठेवते, कारण तिथे खरोखर शोधच चालला आहे.