शब्दचर्चा: टाकली, सोडून गेला, परित्याग केला – अर्जात काय लिहायचं?

रेघोटी
मावसबहिणीच्या घटस्फोटाच्या अर्जासाठी हकीकत मराठीत लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नवरा २०२१च्या दिवाळीनंतर घरातून गेला तो परत आलाच नाही. बेपत्ता वगैरे नाही. दुसऱ्या शहरात नोकरी करतो, मुलाच्या वाढदिवसाला व्हॉट्सअ‍ॅपवर केकचं चित्र पाठवतो. पण येत नाही, हिला नेत नाही, घरखर्चाला एक रुपया देत नाही.

मी लिहिलं, ‘पती पत्नीस सोडून गेले’. वकीलसाहेबांनी ते खोडून ‘परित्याग केला’ घातलं. मावशीचं म्हणणं, एवढं नटवायचं कशाला, सरळ ‘टाकली’ लिही. सासरचे तर गावभर सांगतात की ‘काडीमोड कधीच झालाय’. त्यात लाडकी बहीण योजनेच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे वेगवेगळे गट. ही नक्की कुठल्या गटात? आणि हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

अडकित्ता
ताई, आधी त्यांचे दोन ढीग करा. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी, घटस्फोट हे लग्न मोडल्याचे शब्द. टाकणं, सोडून जाणं, परित्याग हे लग्न तसंच ठेवून माणूस बाजूला झाल्याचे. सासरचे पहिल्या ढिगातला शब्द दुसऱ्या ढिगातल्या गोष्टीला चिकटवतायत, आणि ते भाबडेपणानं चाललं असेल असं मला वाटत नाही. बहीण आज परित्यक्ता आहे. कोर्टाचा हुकूमनामा होईपर्यंत घटस्फोटित नाही.

आता थोडी हौस. काडीमोड म्हणजे पंचांसमोर काडी मोडायची, संपलं. फारकत हा ‘फारखत’चा घासलेला अवतार. ‘फारिग’ म्हणजे मोकळा, आणि ‘खत’ म्हणजे कागद. हिशेब चुकता झाला, हक्क सोडला, की फारखत लिहून द्यायचे. देणेकऱ्याला, भाऊबंदाला आणि बायकोलाही!

घटस्फोटाची कथा वेगळीच. धर्मशास्त्रात पतित माणसाला वाळीत टाकताना पाण्यानं भरलेला घट दासीकडून पायानं लवंडून घेत, जणू तो मेलाच. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात हा विधी आहे. नवरा-बायकोचा तिथे काही संबंध नाही. ‘संसाराचा घट फुटला’ छाप व्युत्पत्त्या फॉरवर्ड करणाऱ्यांना हे जरूर कळवा.

काळाकोट
ढीग बरोबर पाडलेत. त्यात एक धोक्याची सूचना घालतो. स्टॅम्प पेपरवर ‘आजपासून आम्ही एकमेकांना फारकत देत आहोत’ असं लिहून, नोटरीचा शिक्का मारून लोक निर्धास्त होतात आणि दुसरी लग्नंही लावतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२)नं रूढीनुसार होणारा घटस्फोट शाबूत ठेवलाय, हे खरं. पण तशी रूढी त्या समाजात आहे हे आधी मांडावं लागतं, मग पुराव्यानं शाबीत करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये हे स्वच्छ सांगितलंय. नुसता कागद म्हणजे काडीमोड नव्हे, आणि पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हा गुन्हा. तेव्हा सासरच्यांच्या ‘कधीच झालाय’ला भीक घालू नका.

आता मुख्य मुद्दा. कलम १३(१)(आयबी) म्हणतं, अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं सलग परित्याग झालेला हवा. हे कारण घटस्फोटासाठी १९७६च्या दुरुस्तीनं आलं. त्याआधी १९५५च्या कायद्यात एवढ्यावर फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न कायम ठेवून वेगळं राहण्याची मुभा, मिळायची. दुरुस्तीत ‘परित्याग’ म्हणजे काय हेही सांगितलंय: वाजवी कारणाशिवाय, आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय किंवा इच्छेविरुद्ध. जाणूनबुजून केलेली हेळसांडही त्यातच धरली आहे.

म्हणून रेघोटीताई, ‘परित्याग’ की ‘टाकली’ यावर मी फारसा अडणार नाही. हकीकतीत ‘तेव्हापासून उभयता वेगळे राहत आहेत’ हे वाक्य कुठे शिरलंय का, ते आधी बघा. पक्षकार सभ्यपणे बोलायच्या नादात हेच लिहून आणतात. ‘उभयता’ म्हटलं की दोघांच्या मर्जीनं झालं असा वास येतो, आणि मर्जी असेल तर परित्याग उरत नाही. कर्ता एकच हवा: तो.

मुक्कामपोस्ट
पण ‘सोडून गेला’मध्ये कर्ता तोच आहे की! मग वकिलांनी ते का खोडलं?

काळाकोट
या प्रकरणात ‘सोडून गेला’ चालून जाईल, कारण तो खरंच गेला. पण सवय म्हणून वाईट. ‘सोडून जाणं’ उंबऱ्याकडे बघतं, कोण बाहेर पडलं ते. कायदा उंबरा मोजत नाही. नवऱ्यानं मारून, उपाशी ठेवून बायकोला घराबाहेर पडायला लावलं, तर उंबरा तिनं ओलांडला तरी परित्याग त्याचा. उद्या तो कोर्टात म्हणेल, ‘ती स्वतःहून माहेरी गेली’, आणि त्याचं वाक्य शब्दशः खरं असेल!

सर्वोच्च न्यायालयाचा १९५६चा बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती हा निकाल वाचण्यासारखा आहे. प्रकरण मुंबई प्रांताच्या १९४७च्या हिंदू घटस्फोट कायद्याखालचं, तिथे मुदत चार वर्षांची होती. बायको माहेरी गेलेली. पुढे तिच्या वडिलांनी ती येत असल्याची तार सासऱ्यांना केली, तर नवऱ्याची उलट तार: पाठवू नका. तोच नवरा घटस्फोट मागताना म्हणतो, ती मला टाकून गेली. त्याचा दावा टिकला नाही. न्यायालयानं सांगितलं की दोन गोष्टी लागतात, प्रत्यक्ष वेगळं होणं आणि कायमचं सोडण्याचा इरादा. अर्जदाराकडूनही दोन: त्याची संमती नको, आणि त्याच्या वागण्यानं समोरच्याला घर सोडायला वाजवी कारण मिळालेलं नको.

अडकित्ता
मग मावशी जिंकली! ‘टाकणं’ या क्रियापदाला टाकणाऱ्यानं जागचं हलावं लागत नाही. घरात बसूनही बायको टाकता येते. उंबरा कोणी ओलांडला याचा प्रश्नच येत नाही, जबाबदारी कोणी झटकली तेवढंच दिसतं. माझ्या मते ‘परित्याग’पेक्षाही ‘टाकणं’ कायद्याच्या जवळ आहे.

पोथीनिष्ठ
आता आमचीही भर घ्या. परित्यज् धातूला ‘क्त’ प्रत्यय लागून ‘परित्यक्त’, स्त्रीलिंगी ‘परित्यक्ता’, म्हणजे टाकलेली. पण त्याच धातूला ‘तृच्’ हा करणारा दाखवणारा प्रत्यय लागला, जसा वक्ता, कर्ता, भोक्ता यांत लागतो, की प्रथमेचं पुल्लिंगी एकवचन होतं ‘परित्यक्ता’, म्हणजे टाकणारा! रूप अक्षरशः तेच. मराठीनं दुसरा अर्थ कधी घेतलाच नाही. टाकलेलीला संज्ञा मिळाली, टाकणारा बिनानावाचा सुटला. अनेकवचनी ‘परित्यक्त्या’ सगळीकडे दिसतं, जाहिरातींतही. आकारान्त तत्सम शब्द मराठीत तसाच राहतो (एक सभा, दोन सभा), म्हणून ‘परित्यक्ता’च हवं. माझं कोण ऐकतो म्हणा.

सांगलीकर
टाकलेल्या पुरुषाला तरी कुठे शब्द आहे? माझ्या मित्राची बायको चार वर्षं आली नाही. त्याला कोणी ‘परित्यक्त’ म्हटलेलं ऐकलं नाही. लोक म्हणतात, ‘त्याची बायको नांदत नाही’. कायदा दोघांना सारखा, तोही याच कलमाखाली जाऊ शकतो. पण आपल्या बोलीत नवरा ‘टाकतो’ आणि बायको ‘नांदत नाही’. तिच्या वाट्याचं क्रियापदसुद्धा नकारार्थी, जसं काही नांदणं हे तिचंच काम!

रेघोटी
अगदी. आणि ‘नांदवणं’ त्याचं. आमच्याकडे आत्या म्हणतात, ‘तो नांदवत नाही म्हटल्यावर ती कशी नांदेल?’

काळाकोट
कोर्टाच्या आवारात कलम ९च्या अर्जाला ‘नांदायला बोलावण्याचा दावा’च म्हणतात. कागदावर ‘वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना’. तो हुकूमनामा होऊनही एक वर्ष सहवास सुरू झाला नाही, तर तेवढ्यावरही घटस्फोट मागता येतो. तुमच्या प्रकरणात तो वळसा घ्यायची गरज नाही, दोन वर्षं केव्हाच उलटलीत.

म्हापसेकर
गोंयांतल्यान नमस्कार. आमच्याकडे १९१०चा पोर्तुगीज घटस्फोट कायदा. त्यात शब्द आहेत ‘दाम्पत्याचं घर पूर्णपणे सोडून देणं’, मुदत तीन वर्षं. म्हणजे आमच्या शब्दांत थोडा उंबरा आहेच. ‘ठावठिकाणा नसणं’ हे कारण वेगळं, त्याला चार वर्षं.

काळाकोट
हिंदू विवाह कायद्यातही ते कारण निराळंच आहे. सात वर्षं काही खबर नसेल तर. परागंदा झालेल्या माणसानं टाकलं असेलच असं नाही, कदाचित तो जिवंतही नसेल. म्हणून रेघोटीताई, रागाच्या भरात ‘पतीचा काही पत्ता नाही’ असं कुठे लिहू नका. पत्ता आहे, आणि समन्स त्याच पत्त्यावर जायचं आहे. तो हजर झाला नाही तर अर्ज एकतर्फी चालेल, पण समन्स बजावल्याचा पुरावा लागेल. आणि बहीण राहते तिथल्याच न्यायालयात अर्ज करता येतो. २००३च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती सोय आहे.

रेघोटी
मंडळी, हे वाक्य बघा:
‘जाबदेणार हे दिवाळी २०२१नंतर अर्जदारास व अज्ञान मुलास कोणतेही वाजवी कारण नसताना व अर्जदाराच्या इच्छेविरुद्ध टाकून गेले असून, अर्जदाराने वेळोवेळी विनवूनही त्यांनी अर्जदारास आजतागायत नांदविलेले नाही.’

‘उभयता’ खरंच होतं. तिसऱ्या परिच्छेदात. काढलं.

अडकित्ता
‘टाकून गेले’! मावशी आणि तुम्ही, दोघींची समजूत एकाच क्रियापदात. सुरेख.

पोथीनिष्ठ
‘अज्ञान मुलास’ वाचून पोरगं मोठेपणी रागावेल. ‘अल्पवयीन’ लिहा.

काळाकोट
‘अज्ञान’ हा कोर्टाचा जुना शब्द आहे, कोणी हरकत घेणार नाही. पण ‘अल्पवयीन’ही चालेल. ‘दिवाळी’च्या जागी तारीख घाला, निदान महिना. ‘वेळोवेळी विनवून’च्या पुढे कधी, कोणामार्फत, कुठल्या मेसेजनं ते लिहा आणि मेसेज जपून ठेवा. केकचं चित्रसुद्धा. तो संपर्कात होता, तरी आला नाही, हे त्यातून दिसतं. खर्च न देण्याचं वेगळ्या परिच्छेदात घ्या. त्यावर कलम २४खाली अंतरिम पोटगीचा अर्ज सोबतच टाकता येतो.

मुक्कामपोस्ट
पोटगी की खावटी? आमच्या तालुक्याच्या कोर्टात जुने कारकून खावटी म्हणायचे.

काळाकोट
दोन्ही चालतं. अर्जात महिन्याची रक्कम आणि त्याच्या पगाराचा जो काही पुरावा असेल तो मात्र जोडा.