मदत हवी आहे: रक्तातल्या कॅन्सरपेशी गाळताना फिल्टर तुंबतो (सांगली)

प्रश्न: लॅब_सांगली
नमस्कार. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरपेशी वेगळ्या करायची पद्धत बसवतोय. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधलं 7.5 मिली रक्त, 8 मायक्रॉन छिद्रांचा पॉलिकार्बोनेट फिल्टर, सिरिंज पंप. जत-आटपाडीचे नमुने बर्फाच्या पॅकवर, सहा-सात तासांनी पोचतात. 3 मिलीनंतर फिल्टर तुंबतो. पंपाचा जोर वाढवला तर रक्त उतरतं, पण रंगवल्यावर पांढऱ्या पेशींचा थरच्या थर. चाचणीसाठी मिसळलेल्या एमसीएफ-7 पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी) निम्म्याही मिळत नाहीत.

मिरज_सायटो
आधी बर्फ बंद करा. थंडीने प्लेटलेट चेकाळतात, बारीक गुठळ्या होतात आणि त्याच छिद्रांवर बसतात. ट्यूब भरल्याबरोबर 8-10 वेळा हलकेच उलटीपालटी करायला सांगा. साध्या ईडीटीएत रक्त चार तासांच्या आत गाळलेलं बरं. जतहून ते जमणार नसेल तर पेशी टिकवणारं रसायन असलेली ट्यूब द्या. ती महाग पडते, पण इथे काटकसर नको. मे महिन्यात डबा गाडीच्या काचेजवळ ठेवू देऊ नका. सुई टोचल्यावरची पहिली ट्यूब दुसऱ्या तपासण्यांना वापरा, तिच्यात त्वचेच्या पेशी येतात.

गाळणी
सर, जोर वाढवला तिथेच पेशी जातात. कॅन्सरपेशीही मऊ असते. दाबाखाली लांबुळकी होऊन 8 मायक्रॉनमधून निसटते. पंप काढा. होल्डरमध्ये फिल्टर आधी पीबीएसने (पेशींना सोसणारं मिठाचं द्रावण) भिजवा, खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग बंदच. रक्तात तेवढंच पीबीएस-फॉर्मलडिहाइड (पेशींचा आकार टिकवायला) घाला, मिश्रणात 0.5 टक्के भरेल असं, 10 मिनिटं. घड्याळ लावूनच. जास्त वेळ झाला की पांढऱ्या पेशी कडक होऊन अडकतात. तुमचा थर यानेही होऊ शकतो. मग 15 सेंमी उंचीवरून आपोआप उतरू द्या.
फिल्टर रिकामाच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दोन छिद्रं एकमेकांत मिसळलेली बरीच दिसली तर तो तुकडा टाका.

लॅब_सांगली
धन्यवाद. डॉक्टर विचारतात, शून्य आलं तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

मिरज_सायटो
'या नमुन्यात आढळल्या नाहीत', एवढंच. कॅन्सर नाही असं कदापि लिहू नका; कॅन्सरचं निदान बायोप्सीवरच होतं. मिलीमागे पाच अब्ज लाल पेशींत या एक-दोन, कधी एकही नाही. मोजताना सायटोकेरॅटिन (स्तनासारख्या अवयवांच्या अस्तरपेशींतलं प्रथिन) हो, सीडी45 (पांढऱ्या पेशींची खूण) नाही, डॅपी या रंगात केंद्रक स्पष्ट, हे तिन्ही जुळलं तरच धरा.
7.5 मिलीत 5 पेशी ही सीमारेषाही उचलू नका. ती सेलसर्च या चुंबकी पद्धतीची, अमेरिकेत 2004 साली मान्य झालेली, तीही पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पुढचा अंदाज बांधण्यासाठी. गाळलेल्या पेशींना ती लागू नाही.

गाळणी
एमसीएफ-7 पेशी मोठ्या असतात, रुग्णाच्या बऱ्याचदा लहान. त्यामुळे परत मिळणाऱ्या पेशींची टक्केवारी सुधारली तरी लहान पेशींची एखादी सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) मिसळून पुन्हा मोजा. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्तही प्रत्येक वेळी सोबत गाळा.