‘कोचिंग इन’ला मराठीत काय म्हणावं?

पाऊलवाट: लंडनच्या साउथवर्कमधल्या जॉर्ज इनवर लेख लिहिते आहे. हे जुनं कोचिंग इन, म्हणजे कोचनं (घोडागाडीनं) प्रवास करणाऱ्यांची उतरण्याची, जेवणाची आणि घोडे बदलण्याची जागा. १६७६ च्या आगीत जुनी वास्तू जळाली, ती १६७७ मध्ये पुन्हा उभी राहिली. बोळातून आत शिरलं की चौक, वरच्या दोन मजल्यांना लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, मागे पागा. घोडागाड्या थेट चौकात यायच्या. मी ‘सराय’ लिहिलं, संपादकांनी ‘धर्मशाळा’ केलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. दुसरा शब्द सुचवा.

जुनीबखर: धर्मशाळा नकोच. ती पुण्य लाभावं म्हणून बांधलेली असते. इनचा मालक खोलीचे, जेवणाचे, घोड्याच्या दाण्याचे पैसे घ्यायचा. शिवाय जागा असेल तर वाटसरूला दार बंद करायचं नाही आणि त्याच्या सामानाची जबाबदारी घ्यायची, हे इंग्लंडच्या कायद्यानं त्याच्यावर बंधनच होतं. पण ‘सराय’ हिंदी झालं. मराठीत ‘सराई’.

घाटमाथा: ‘सराई’ म्हटलं की आज लोकांना लग्नसराई आठवते! ‘सराय’च ठेवा. मूळ फारसी, अर्थ वाडा, महाल. सारायेव्हो शहराच्या नावातही तोच शब्द आहे. आणि रचनाही जुळते: एकच दार, मधे चौक, भोवती खोल्या.

शुद्धमती: हिंदी नको म्हणून फारसी सुचवायचं? ‘पथिकाश्रम’ किंवा ‘पांथनिवास’ का नाही?

घाटमाथा: कारण त्यात घोडे नाहीत. पथिकाश्रम ऐकून पागा, चाबूक, चिखल यांतलं काहीच डोळ्यांपुढे येत नाही. आणि ‘पागा’ तरी कुठे संस्कृत आहे?

टपालखातं: सगळे ‘इन’ला धरून बसलात, ‘कोचिंग’ राहूनच गेलं. या जागेचं मर्म घोडे बदलण्यात आहे. १७८४ मध्ये ब्रिस्टलहून लंडनला पहिली टपाल कोच धावली, ती वाटेत ठिकठिकाणी ताजे घोडे जोडत. आपल्याकडे यालाच डाक बसवणं म्हणत. म्हणून ‘डाकचौकी’.

जुनीबखर: डाकचौकीत पाहुणे उतरत नसत.

टपालखातं: मग डाकबंगला?

पाऊलवाट: डाकबंगला सरकारी, खानसामा पगारी. आणि त्याला भोवती व्हरांडा, मधे चौक नाही. जॉर्जचा चौक सोडला तर लेखात काय उरलं? अशा इनच्या चौकांत नाटकं व्हायची, लोक वरच्या गॅलऱ्यांतून बघायचे.

एसटीप्रेमी: ‘टप्पा’ कुणालाच कसा आठवला नाही? एसटीच्या परवान्यात आजही ‘टप्पा वाहतूक’ हाच शब्द आहे. इंग्रजीतल्या स्टेजचं हे नेमकं मराठी. स्टेजकोच, म्हणजे टप्प्याटप्प्यानं धावणारी घोडागाडी, ती टप्पागाडी; तिच्या मुक्कामाची जागा म्हणजे ‘टप्पासराय’. माझे वडील वाहक होते, घरात हा शब्द रोज कानावर पडायचा. मला तर वाटतं टपालसुद्धा टप्प्यावरूनच आलं.

शुद्धमती: टपालाचा आधार द्या. नुसतं ध्वनिसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

एसटीप्रेमी: ‘कोच’ तरी हंगेरीतल्या कोच गावावरून आलाच ना?

शुद्धमती: त्याला लेखी पुरावे आहेत.

जुनीबखर: टप्पासराय चांगला आहे. पण लेखात रेल्वेचा भाग जरूर घ्या. आगगाडी आली आणि हा धंदाच बुडाला. १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं जॉर्जच्या दोन बाजू पाडल्या. दक्षिणेची उरली, ती १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेली. लंडनमधलं गॅलऱ्यांचं हे एकमेव उरलेलं इन आहे. पाडलेल्या बाजूंचा विचार केला की अजून वाईट वाटतं.

शुद्धमती: ‘गॅलऱ्या’ का? ‘सज्जा’ आहे ना.

घाटमाथा: सज्जा भिंतीबाहेर डोकावतो. इथे गॅलरीतून चालत आपल्या खोलीच्या दाराशी जायचं, अगदी गिरगावातल्या चाळीसारखं. चाळीत जन्मलेला माणूस गॅलरीच म्हणणार, आणि तोच मराठी शब्द.

कोकणकडा: आमच्याकडे याला पडवी म्हणतात.

घाटमाथा: वरच्या मजल्यावर पडवी कुठली?

कोकणकडा: आमच्या आजोळी माडीवरच्या लांब मोकळ्या भागाला सगळे पडवीच म्हणायचे. आजीनं दुसरा शब्द कधी वापरला नाही.

शुद्धमती: आजोळचा वापर हा नियम होत नाही. पडवी म्हणजे घराच्या कडेची उतरत्या छपराची जागा.

टपालखातं: ‘ओसरी’ चालेल?

घाटमाथा: ओसरी जमिनीलगतच!