'येस, आय'म' चूक का?

प्रश्न – कराडची आई
मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीला. काल वहीत 'आर यू रेडी?' याचं उत्तर तिने 'येस, आय'म' लिहिलं, त्यावर लाल फुली. खालच्याच ओळीत 'नो, आय'म नॉट', त्याला मात्र बरोबरची खूण. "आई, तोच शब्द वर चूक आणि खाली बरोबर कसा?" मला सांगता येईना. आम्हाला एबीसीडीच पाचवीत भेटली. 'असंच असतं' म्हणून तिला गप्प करायचं नाहीये, कारण हवंय.

उत्तर – भटक्या
बोलताना सगळं चालतं हो. पेपरात पूर्ण लिहायचं, विषय संपला.

उत्तर – निवृत्त मास्तर, सांगली
नाही, हे बोलतानाही चालत नाही. ताई, मी 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. नियम पाठ करणारी मुलं खूप भेटली, असं विचारणारी थोडी.

'ॲम' आखडतो तो त्याच्यावर जोर नसतो म्हणून. 'आय'म रेडी' मोठ्याने म्हणून बघा, जोर 'रेडी'वर पडतो. 'येस, आय ॲम' मध्ये 'रेडी' गाळलाय, ते वजन 'ॲम'वर आलं. आता त्याला आखडून चालत नाही. 'नो, आय'म नॉट' मध्ये 'नॉट' वजन उचलतो. 'नो, आय डोन्ट', 'नो, ही इझन्ट' शेवटी चालतात, कारण तिथे नकार आत मुरलेला असतो. तुलनेतही हेच: 'शी'ज टॉलर दॅन आय ॲम'. तिथे 'आय'म' नाही.

तिला मराठीतून दाखवा. 'दादा आलाय' मधला 'य' म्हणजे 'आहे'. पण 'दादा घरी आहे का?' याला 'हो, आहे' असंच म्हणतो ना? नुसता 'य' उभा राहत नाही. फरक एवढाच, की आपला 'य' मागचा शब्द मागतो. इंग्रजीत मागे 'आय' असून भागत नाही, पुढेही काहीतरी लागतं.

प्रश्नकर्ती
'दादा आलाय' लगेच पटलं तिला! आणखी एक, 'शी'ज गॉन' मधला 'ज' म्हणजे 'इज' ना?

उत्तर – निवृत्त मास्तर, सांगली
बहुतेकदा 'हॅज'. पुढचा शब्द बघायचा: 'शी'ज गोइंग' म्हणजे 'इज', 'शी'ज ईटन' म्हणजे 'हॅज'. 'ड'चंही तसंच. 'आय'ड गो' मध्ये 'वुड', 'आय'ड गॉन' मध्ये 'हॅड'. आणि 'शुड'व्ह', म्हणजे 'शुड हॅव', कानाला 'शुड ऑफ' वाटतं, तसं लिहू देऊ नका. ही चूक खुद्द इंग्रजही करतात.

प्रश्नकर्ती
मास्तर, आत्ता ती निबंध लिहीत होती. 'आय डोन्ट नो व्हेअर ही'ज' लिहिलं, पेन्सिल थांबली, खोडून 'ही इज' केलं. "आई, इथे पण पुढे काही नाहीये."